चार दिवस बँक बंद

शिरड शहापूर, ता. औंढा नागनाथ
१७ सप्टेंबर २००६, रविवार

चि. ज्योतीस,

जयभीम आणि आशीर्वाद. जावईबापूंना माझा जयभीम सांग, ऐश्वर्याला पापा दे. मी इकडं बरा आहे. गुडघा सोडला तर तक्रार न्हाई, आणि गुडघ्याचं मी मनावर घेत न्हाई.

आज मुक्तिसंग्राम दिन. सकाळी शाळेत झेंडा झाला. नेमका रविवारी आल्यामुळं लेकरांची एक सुट्टी बुडाली आणि मास्तर लोकही तोंड पाडून उभे होते. मला मात्र सुट्टी अशी रविवारात जिरली की बरं वाटतं. बँकेत शिपाई म्हणून तीस वर्षं काढली, ती खोड जात न्हाई.

तू म्हणशील, सुट्ट्यांचं पत्र तर बाबांनी जानेवारीतच पाठवलं, आता परत काहून? तर ऐक. या महिन्याची अखेर वाईट आहे. तीस तारखेला शनिवारी सहामाही क्लोजिंग. भिंतीवरच्या कॅलेंडरात ती सापडणार न्हाई, कारण ती सरकारी सुट्टी न्हाई, नुसती बँकेची. बाहेरून दार बंद, आत आकडेमोड. एक तारखेला रविवार. दोनला सोमवारी गांधी जयंती, आणि त्याच दिवशी दसरा. दोन सुट्ट्या एका दिवसात आल्या म्हणून तीन दिवसांवर भागलं, न्हाईतर चार झाले असते.

म्हणून एकोणतीसला शुक्रवारी बँकेत जा. बाराच्या आत जा. दुपारनंतर सगळ्या औरंगाबादला आठवतं की उद्यापासून बंद आहे, आणि मग काउंटरला धक्काबुक्की. जावईबापूंचा कंपनीचा पगार सातला होतो, त्याची काळजी न्हाई. तुझा दवाखान्याचा चेक असतो एक तारखेचा, तो तीनच्या मंगळवारआधी टाकता येणार न्हाई, आणि हातात पैसे पडायला पाच-सहा तारीख उजाडेल. घरमालकाला आधीच सांगून ठेव. मागून सांगितलं की ती सबब वाटते, आधी सांगितलं की माणूस बराबर ऐकून घेतो.

आणि मशीनचं मला सांगू नको. कार्ड घातलं की नोटा येतात हे मी पाहिलंय. पण त्या मशीनमधी नोटा माणूसच भरतो आणि त्या माणसालाही दसरा आहे. रविवारी संध्याकाळपर्यंत ते रिकामं झालं न्हाई तर माझं नाव बदल.

आपल्याकडची गोजरबाई आठवते का? निराधारचे पैसे उचलायला औंढ्याला आमच्या बँकेत यायची ती म्हातारी. नेमकी क्लोजिंगच्या दिवशी यायची. दाराबाहेरच्या फळ्यावर मी आदल्या दिवशीच खडूनं ठळक लिहून ठेवायचो, ‘उद्या बँक बंद राहील’, पण तिला कुठं वाचता येतंय. मी खिडकीतून सांगायचो, मावशे, आज बंद. ती म्हणायची, “तू तर आत हायेस की रे जळबा. माणसं आत हायेत, पैसे आत हायेत, मंग बंद काय हाये?” बाकी गाव मात्र माझ्या फळ्यावर चालायचं. मॅनेजरनं सांगितलेलंही लोक येऊन मला विचारायचे, जळबा, खरं का? मी व्हय म्हणलं की माघारी फिरायचे.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तीसला शनिवारी तुमी तिघं येणार, इथून मिळून नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं, यंदा धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होतात म्हणून, आणि परतताना मला कायमचं औरंगाबादला घेऊन जायचं. घर दुकानवाल्या मुंजाजीला भाड्यानं द्यायचं. खोलीला रंग दिला असंही लिहिलंस. रंगाचा खर्च कशाला केला? याचं उत्तर सावकाश देतो. घाई करू नको.

आणखी एक. जावईबापू आषाढात येऊन गेले तवा सांगत होते की तू ऐश्वर्याला गोष्ट सांगत असतीस, आजोबांनी तुझ्या नर्सिंगच्या ॲडमिशनसाठी साहेबाच्या पाया पडून पाहिलं, पण सुट्ट्याच अशा आल्या की आजोबांचा इलाज चालला न्हाई. तुझ्या पत्रातही तेच, की मी रागावले ती सुट्ट्यांवर, तुमच्यावर कधीच न्हाई. लेकराला असलं काही सांगत जाऊ नको. पाच वर्षांच्या पोरीला काय कळतं त्यातलं.

गेल्या सोमवारी औंढ्याला गेलो होतो, पेन्शनच्या कामाला. तिथं व्यंकटराव भेटला. आमचा कॅशियर, तोही आता रिटायर झाला. चहा पाजला, तुझी चौकशी केली. बाकी विशेष न्हाई.

एकोणतीस तारीख विसरू नको.

तुझे
बाबा

⁂

शिरड शहापूर
२१ सप्टेंबर २००६, गुरुवार

चि. ज्योतीस,

जयभीम. चार दिवसांत दुसरं पत्र पाहून घाबरू नको, तब्येत ठीक आहे. गावातल्या पेटीत टाकलं तर कधी निघेल भरवसा न्हाई, म्हणून उद्या सकाळच्या गाडीनं हिंगोलीला जाऊन मोठ्या पोस्टात टाकणार आहे. शुक्रवारी निघालं, मधी रविवार धरला, तरी मंगळवार-बुधवारपर्यंत तुझ्या हातात पडायला पायजे. तुमी तीसला निघायच्या आत तुला हे वाचायला मिळालं पायजे. नंतर मिळून उपयोग न्हाई.

मागच्या पत्रात व्यंकटरावाचं लिहिलं, ते अर्धंच लिहिलं. चहा पिता पिता तो म्हणाला, “जळबा, तुझ्या पोरीनं तवा नर्सिंग काहून सोडलं रे? हातातली जागा. माझ्या ध्यानात राहिलंय ते. कुठं असती आता?” मी म्हणलं, औरंगाबादला, दवाखान्यात. तो म्हणाला, “मग सिस्टर झालीच की शेवटी!” मी व्हय म्हणलं. तू तिथं आया म्हणून काम करतीस, सिस्टर लोकांनी सांगितलं की पेशंटचं भांडं काढतीस, हे मला त्याला सांगवलं न्हाई. मग तो म्हणाला, दसऱ्याला पोरगी आली की सांग, मी भेटायला येतो.

तू म्हणशील, व्यंकटरावाला कसं माहीत की मी नर्सिंग सोडलं? तू तर सोडलं नव्हतंस. तुला जाताच आलं न्हाई. बँक बंद होती.

इथपर्यंत लिहून मी उठलो होतो. जनावर न्हाई घरात तरी गोठ्यात जाऊन आलो. आता एका बैठकीत लिहितो.

९५ साल. आपला जिल्हा तवा परभणीच होता. तुझी आई, पंचफुला, त्या आषाढात अर्धांगानं पडली. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तू बारावी होऊन घरी होतीस. नर्सिंगच्या वेटिंगवर तुझा नंबर होता, पण सप्टेंबर सरत आला तसं सगळ्यांनी ते सोडून दिलं होतं. मीही सोडून दिलं होतं. खरं तर मी सुटलो होतो.

अठ्ठावीस तारखेला गुरुवारी पत्र आलं. तू ते घेऊन फाट्यावर आली होतीस, माझी औंढ्याची गाडी यायच्या वेळेला. हाताला पीठ तसंच होतं. जागा लागली होती. चार ऑक्टोबरला बुधवारी दुपारी बारा वाजेपर्यंत औरंगाबादला हजर व्हायचं, फी आणि होस्टेलच्या डिपॉझिटचा ड्राफ्ट घेऊन. रोख चालणार न्हाई. न आल्यास जागा पुढच्या मुलीला. वाटेनं तू पळत होतीस आणि मी मागून चालत होतो. मी तिथंच मनात तारखा लावल्या. तीस क्लोजिंग, एक रविवार, दोन गांधी जयंती, तीन दसरा. चारला बँक उघडणार साडेदहाला, आणि औरंगाबाद सहा तासांची वाट. म्हणजे उद्या एकोणतीसलाच काम झालं पायजे. तुला मी तसंच सांगितलं आणि तू म्हणालीस, “बरं झालं बाबा, तुमी बँकेत हायेत. दुसऱ्याच्या ध्यानातबी आलं नसतं.”

शुक्रवारी काय झालं ते तुला अकरा वर्षं जे सांगितलं ते असं, की क्लोजिंगमुळं त्यांनी दुपारीच ड्राफ्ट बंद केले आणि माझा नंबर लागला न्हाई.

ज्योती, ड्राफ्ट झाला होता.

जेवणाच्या सुट्टीत मी फॉर्म भरला. व्यंकटरावानं ड्राफ्ट लिहिला, साहेबांनी सही केली, साहेब उठून माझ्याशी हात मिळवून बोलले. व्यंकटराव म्हणाला, पोरगी सिस्टर होणार, पेढे आण. मी औंढ्यात पेढे घेतले आणि स्टाफला वाटले. ड्राफ्ट प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून शर्टाच्या खिशात ठेवला. येताना गाडीत दोनदा चाचपला. इथपर्यंत माझ्या मनात काही काळंबेरं नव्हतं. हे तुला खरं वाटणार न्हाई, पण तसंच होतं.

घरी आलो. तू आईचं डोकं मांडीवर घेऊन तिला चमच्यानं पेज पाजत होतीस. हनुवटीवरून ओघळलेली पदरानं पुसत होतीस. चुलीवर तवा तापलेला, माझी भाकर परातीत थापून ठेवलेली. मी दारात उभा राहिलो आणि मनात आलं, बुधवारपासून हे कोण करणार? तिची चादर कोण बदलणार? मी नऊला घर सोडतो, सातला येतो. माझ्या भाकरीचं काय?

भाकरीचं काय, हेच मनात आलं. मोठं काही नव्हतं. तुझ्या लग्नाचं नव्हतं, लोक काय म्हणतील ते नव्हतं. पोरगी शिकू नये असं तर मी कधीच म्हणलं न्हाई, बाबासाहेबांचा फोटो घरात लावून तसं म्हणायची कुणाची छाती आहे. मला फक्त दुसऱ्या दिवशीची भाकर दिसली.

तू मान वर करून म्हणालीस, “झालं का बाबा?” आणि मी म्हणलं, “न्हाई झालं. ड्राफ्ट बंद केले त्यांनी. आता चार तारखेलाच.” असं पटकन आलं तोंडातून. ठरवून आलं न्हाई. आलं, आणि मग मी ते माघारी घेतलं न्हाई. तेवढंच. चार दिवस होते माघारी घ्यायला.

तू बोटांवर मोजलंस. दुसरी बँक? तू विचारलंस. मी म्हणलं, सगळ्या बँकांना तेच आहे. आणि हे खोटं नव्हतं. शनिवारी तू पोस्टातून औरंगाबादला फोन लावलास, तिकडं कुणी उचलला न्हाई. मी त्या दिवशी बँकेत होतो, क्लोजिंगला आमाला आत काम असतंच. संध्याकाळी येऊन सांगितलं की साहेबांना लई विनवलं, पाया पडलो, साहेब म्हणाले आज बाहेरच्यांचं काम बंद. साहेबांशी मी त्या दिवशी चहा देण्यापलीकडं एक शब्द बोललो न्हाई. तू ऐश्वर्याला सांगतीस ती गोष्ट त्या संध्याकाळची आहे.

तू एकदाही मला ‘पण’ म्हणलं न्हाईस. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तू औंढ्याला जाऊन दार वाजवलं असतंस. पण बँक बंद आहे हे मी सांगितलं होतं. माझं सांगणं सगळं गाव मानायचं, तू तर माझी पोरगी.

आईचं सांगतो. तिला सगळं कळत होतं, फक्त बोलता येत नव्हतं. शुक्रवारी मी शर्ट काढून खुंटीला लावला तवा पाकीट खिशातून वर आलं होतं. तिनं पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण बँकेचा कागद ती ओळखायची. तिनं डावा हात उचलून शर्टाकडं दाखवलं. तू पाणी दिलंस. तिनं परत दाखवलं. तू पांघरूण दिलंस, औषधाची बाटली दाखवलीस, मग मला विचारलंस, “बाबा, आई काय मागून राहिली?” मी म्हणलं, “काही न्हाई, दिवा डोळ्यावर येऊन राहिला तिच्या.” आणि तू उठून दिवा बाजूला केलास. शनिवारी आणि रविवारीही ती दाखवत राहिली. सोमवारपासून तिनं हात उचलणं सोडलं. त्यानंतर साडेतीन वर्षं जगली, पण माझ्याकडं पाहून तिनं काही मागितलं न्हाई. तिला बोलता येत न्हाई हे माझ्या पथ्यावर पडलं, असं मला तवा वाटलं. हे वाक्य लिहायला नको होतं, पण लिहिलं.

दसऱ्याला आपण नागपूरला गेलो न्हाई, आईमुळं. इथल्या विहारात वंदना झाली. तू पांढरं लुगडं नेसून पुढं बसली होतीस, मी मागं पुरुषांत. पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. सगळ्यांबरोबर मीही मोठ्यानं म्हणलं. ड्राफ्ट खिशातच होता. तो मी चार दिवस अंगावरच ठेवला, घरात ठेवायची भीती वाटली. तवाही उठून तुला बाहेर बोलावता आलं असतं. संध्याकाळची गाडी पकडून पहाटेपर्यंत तू पोचली असतीस. मी लोकांना खीर वाटत बसलो.

बुधवारी सकाळी बँक उघडली. मी ड्राफ्ट व्यंकटरावापुढं ठेवला आणि म्हणलं, कॅन्सल करा. तो म्हणाला, काहून रे? मी म्हणलं, “पोरीचं मन बदललं.” तो म्हणाला, आजकालच्या पोरी. म्हणून त्याला आजपर्यंत वाटतं की तू सोडलंस. मी घरी बँकेवर ढकललं आणि बँकेत तुझ्यावर. बारा वाजले तवा मी बँकेतल्या घड्याळाकडं पाहिलं होतं, हे मला आठवतं.

तू रडशील असं मला वाटलं होतं. तू रडली न्हाईस. संध्याकाळी आलो तवा भाकर झाली होती.

पुढचं तुला माहीत आहे. हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी आई गेली. तुझं वय निघून चाललं म्हणून मी धावाधाव करून भीमरावांचं, म्हणजे जावईबापूंचं स्थळ पाहिलं. माणूस चांगला निघाला, त्यात माझी काही हुशारी न्हाई. आणि तू गेल्यावर मी स्वतः भाकरी करायला शिकलो. आठ दिवसांत जमल्या. आठ दिवसांत जमल्या ज्योती. एवढंच होतं ते.

तू विचारशील, अकरा वर्षांत कधी सांगावंसं वाटलं न्हाई का? खरं सांगतो, न्हाई. रडू येत न्हाई, झोप उडत न्हाई, जेवण जातं. दर जानेवारीला तुला सुट्ट्यांचं पत्र लिहायला बसलो की ९५ सालचे ते चार दिवस समोर येतात, मी त्यांच्याकडं पाहतो आणि पुढचे लिहितो. आतून काही हलत न्हाई. कधी वाटतं, हलायला पायजे होतं. आताही हे लिहून राहिलो तर हात बराबर चालतोय, अक्षर बघ, एक ओळ वाकडी न्हाई.

मग आता काहून सांगतो, तर दोन कारणं आहेत. एक, व्यंकटराव तुला भेटला तर बोलणारच. त्याच्या तोंडून तुला कळू नये. म्हणजे यात चांगुलपणा कमी आणि भीती जास्त, हे तूच ओळखशील, म्हणून मीच लिहितो. दुसरं, तुझ्या घरी आलो तर तू मला ताटावर बसवून गरम भाकर वाढशील. आया म्हणून बारा तास उभी राहून येशील आणि वाढशील. ती मला खाता येणार न्हाई असं म्हणत न्हाई मी. खाता येईल, हीच तर भीती आहे.

तर आता तू ठरव. तीसला यायचं असलं तर ये, न्हाई आलीस तर मी समजून घेईन. जावईबापूंना सांगायचं की न्हाई ते तुझं तू पाहा. ऐश्वर्याला इतक्यात सांगू नको, पण ती खोटी गोष्टही सांगू नको.

माफी मागत न्हाई. कशाच्या तोंडानं मागू. आणि माफी मागितली की समोरच्याला काही तरी द्यावं लागतं. तुझ्याकडून मी पुष्कळ घेतलंय.

बाबा

⁂

शिरड शहापूर
५ ऑक्टोबर २००६, गुरुवार

ज्योतीस,

जयभीम.

तीसला मी फाट्यावर जाऊन बसलो होतो, दुपारपासून संध्याकाळच्या गाडीपर्यंत. तुमी आला न्हाईत. बरोबर केलंत. नागपूरला जाणाऱ्या जीपा भरभरून चालल्या होत्या, निळे झेंडे लावून. गावातल्यांनी मलाही चला म्हणलं. मी म्हणलं, गुडघा.

दसऱ्याला विहारात गेलो. मागं बसलो. चौथ्या शिलाला गप्प राहिलो. शेजारच्यानं वळून पाहिलं.

मंगळवारी मुंजाजीनं दुकानातून हाक मारली, तुमच्या ज्योतीचा फोन हाये. मी चप्पल न घालताच गेलो. दुकानात बाजारातून आलेली पाच-सहा माणसं उभी होती, मुंजाजी कुणाला साखर तोलून देत होता. मी हॅलो म्हणलं. तुझ्या मागं दवाखान्यातली गडबड ऐकू येत होती, कुणी तरी मावशी मावशी करून तुलाच बोलावत होतं. तू जयभीम म्हणलं न्हाईस, कसे आहात म्हणलं न्हाईस. तू विचारलंस, “तवा ड्राफ्ट कॅन्सल करायला किती पैसे लागले?”

मला आधी कळलंच न्हाई. मग कळलं. पण मी दुकानातल्या माणसांकडं पाहिलं. सगळे माझ्याकडं पाहत होते. तू परत विचारलं न्हाईस, पण फोनही ठेवला न्हाईस. तुझा श्वास ऐकू येत होता. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता आणि मला वाटलं, ही रागावली तर बरं, शिव्या दिल्या तर बरं. मग तुला परत कुणी तरी हाक मारली आणि फोन कट झाला. मुंजाजी म्हणाला, काय म्हणती पोरगी? मी म्हणलं, सुट्ट्या विचारत होती.

पुन्हा खोटंच. सवय जात न्हाई.

घरी आलो आणि बसलो. कालचा दिवस मला पेन धरता आला न्हाई, म्हणून आज लिहितो. अक्षर वाईट आलंय, लावून वाच.

तू विचारलंस त्याचं उत्तर तुला द्यायला पायजे. दुसरं तू काही विचारलं न्हाईस, म्हणून दुसरं काही लिहीत न्हाई. ड्राफ्ट कॅन्सल करायला बाहेरच्या माणसाला फी पडायची. स्टाफला ती माफ होती.

मला काहीच लागलं न्हाई.

जळबा